एअर-कूल्ड

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी माझ्या इंजिनिअरिंगच्या रूममेटचा फोन आला. चांगली नोकरी सोडून तो पायलटचं ट्रेनिंग घ्यायला गेला होता. आम्ही बाकीचे सगळे ऑफिसच्या एसीत स्वेटर घालून बसायचो आणि त्याचे कॉकपिटमधले फोटो बघून जळायचो. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज बसलेला होता.

"अरे, आज शेवटची वीस मिनिटं मला नीट आठवतच नाहीयेत," तो म्हणाला.

तो एकटाच लांबचं उड्डाण करून परत येत होता. दुपारचे अडीच वाजलेले. उतरण्याआधी टॉवरने सूचना दिली, ती याने चुकीची परत म्हटली. टॉवरने दुरुस्त केली, याने पुन्हा चुकवली. तिसऱ्या वेळी जमलं. विमान व्यवस्थित उतरलं, पण खाली उतरल्यावर याला शिडीइतकीही उंची नसलेल्या विमानातून पाय खाली टाकता येईना. इन्स्ट्रक्टरने त्याला सावलीत बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि एकच प्रश्न विचारला, "सकाळपासून पाणी किती प्यायलास?" याने अर्धी बाटली पाणी प्यायलं होतं. का, तर छोट्या विमानात टॉयलेट नसतं.

मला पहिला धक्का बसला तो वेगळाच. "तुमच्या विमानात एसी नाही?" मी विचारलं. तो हसला. माझ्यासाठी विमान म्हणजे गार हवा, अंगावर ओढून घेतलेलं जॅकेट. त्याच्यासाठी विमान म्हणजे उन्हात चार तास उभी केलेली मारुती ८००, फक्त काचा जास्त आणि पुढ्यात तापलेलं इंजिन.

फोन ठेवल्यावर डोक्यात एक प्रश्न राहिला. एसी ही गोष्ट विमानाच्या आसपासही नव्हती, तेव्हा लोक या हवेत उडायचे कसे? त्यातून मी जे वाचत गेलो, ते हे.

नांगराची रेघ

भारताकडे येणारा हवाई रस्ता वाळवंटातून यायचा. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो ते बगदाद टपाल सुरू केलं, आणि तेही जून महिन्यात. खाली शेकडो मैल ओळखीची एकही खूण नाही. रेडिओवरून वाट दाखवणारी यंत्रणा नाही. मग त्यांनी जमिनीवरच रस्ता आखला. मोटारींच्या चाकोऱ्या आणि जिथे त्या उमटत नव्हत्या तिथे चक्क नांगराने ओढलेली रेघ. पायलटने ती रेघ डोळ्यांनी धरून ठेवायची आणि बगदादपर्यंत जायचं.

आता यातली गोम बघा. हवा वर जावं तशी थंड होते. सरासरी धरली तर दर हजार मीटरला साडेसहा अंश. तापलेल्या कोरड्या वाळवंटावर दुपारी हा फरक जवळजवळ दहा अंशांपर्यंत जातो. म्हणजे खाली ४४ अंश असताना दोन किलोमीटर वर तुम्हाला पुण्यातल्या सुखद सकाळीसारखी हवा मिळू शकते. विमानातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त एसी म्हणजे उंची. पण तेवढ्या वरून, धुळीने भरलेल्या हवेतून, नांगराची रेघ कशी दिसणार? गारव्यासाठी वर जावं तर वाट हरवते, वाट धरायला खाली यावं तर जीव उकडतो. हा तिढा पुढच्या सगळ्या गोष्टीत पुन्हापुन्हा येतो.

यंत्रांचेही हाल होत होते. त्या काळात इराकमध्ये डीएच-९ए नावाची विमानं होती. त्यांचं इंजिन पाण्याने थंड होणारं. युरोपात पुरेसा असलेला रेडिएटर इराकच्या उन्हात पुरेना, म्हणून खाली आणखी एक रेडिएटर लावला गेला. शिवाय जादा चाक, खाणं, पिण्याचं पाणी. वाळवंटात उतरावं लागलं तर मदत येईपर्यंत माणूस जगला पाहिजे. विमान कसलं, उंटाचा तांडाच तो.

युरोपात लाकूड, गोंद आणि कापड यांपासून विमानं बनायची. इकडच्या हवेत लाकूड सुकून वाकायचं, गोंद सुटायचा. म्हणून १९२६ मध्ये डी हॅविलंड कंपनीने याच मार्गासाठी 'हर्क्युलीस' हे तीन इंजिनांचं विमान बनवलं, तेव्हा त्याच्या सांगाड्यात लाकडाऐवजी पोलादी नळ्या वापरल्या. उन्हाने विमानाचं डिझाइन बदलायला लावलं होतं.

आणि मग आर-१०१. इंग्लंडहून कराचीला येणार असलेलं ते महाकाय हवाई जहाज. त्याच्यासाठी कराचीत एक अवाढव्य हँगर आधीच बांधून ठेवलं होतं. उष्ण देशात पेट्रोलची वाफ होऊन भडका उडेल या भीतीने त्या जहाजाला पेट्रोलऐवजी डिझेलची इंजिनं बसवली. ती भयंकर जड निघाली. ५ ऑक्टोबर १९३० रोजी, भारताकडे निघालेलं आर-१०१ फ्रान्समध्येच कोसळलं आणि ४८ माणसं गेली. अपघाताची कारणं बरीच होती. डिझेलचं वजन हे काही एकटं कारण नव्हे. पण भारताच्या उन्हाची धास्ती त्या जहाजाच्या वजनात जाऊन बसली होती, हे खरं. कराचीतलं ते हँगर पुढे कितीतरी वर्षं तसंच रिकामं उभं राहिलं.

मे महिन्यातली शर्यत

त्याच वर्षी, आर-१०१ पडायच्या पाच महिने आधी, तीन भारतीय तरुण याच वाटेवर छोट्या विमानांतून एकटे उडत होते. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्याने, एका महिन्याच्या आत उडून दाखवणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा असे तिघे त्यात उतरले. अस्पी सतरा वर्षांचा होता. जेआरडी पंचवीस वर्षांचे. वर्षभरापूर्वीच, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं होतं आणि त्यावर नंबर होता १.

जेआरडी ३ मे १९३० ला कराचीहून निघाले. मे महिना आणि वाट इराणच्या आखाताकडून, पुढे इराक. त्यांचं विमान होतं जिप्सी मॉथ. दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं. म्हणजे पायलटचं डोकं बाहेर, समोर फक्त एक छोटी काच.

आपल्याला वाटतं, चला, निदान वारा तरी लागत असेल. पण इथेच शरीराचं गणित समजून घ्यावं लागतं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तर वारा आपली उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंशांची असेल तर तोच वारा आपल्याला उष्णता आणून देतो. दुपारी नागपुरात बाइक चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तो म्हणूनच तोंडाला रुमाल गुंडाळतो. ताशी ८०-९० मैलांनी जाणारं उघडं विमान म्हणजे तीच बाइक, फक्त जास्त वेगाने.

मग वाचवतो कोण? घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. वाळवंटाची हवा कोरडी, वारा सुसाट, त्यामुळे घाम दिसायच्या आधीच उडून जातो. आणि त्यातच फसवणूक आहे. शर्ट कोरडा असतो, म्हणून माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. आत टाकी रिकामी होत असते, पण काटा दाखवणारं काही नाही. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन-तीन टक्क्यांनी कमी झालं की आधी स्नायू नव्हे, लक्ष जातं. आकडे उलटसुलट होतात. माझ्या मित्राचं झालं तसं.

या शर्यतीतला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. इजिप्तमधल्या अबूकीरच्या विमानतळावर दोन विरुद्ध दिशांनी येणारे जेआरडी आणि अस्पी भेटले. अस्पी स्पार्क प्लग नाहीत म्हणून अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे निघाला आणि थोडक्या फरकाने शर्यत जिंकला. मनमोहन सिंग पोहोचले, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती. हा किस्सा नेहमी खिलाडूपणाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तो वाचताना आता आणखी एक गोष्ट दिसते. दोघांनाही त्या वाटेवर काय आहे हे ठाऊक होतं. शेकडो मैलांच्या तापलेल्या वाळूवर एक प्लग दगा देणं म्हणजे काय, हे अबूकीरच्या त्या मैदानावर दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

काचेची खोली

आता येऊ या १९३२ वर. इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची टपाल १९२९ मध्येच सुरू केलं होतं. पण कराचीहून पुढे मुंबई-मद्रासला पत्रं रेल्वेने जायची. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक टाटांकडे योजना घेऊन आला, की हा पुढचा टप्पा आपण उडवू. भांडवल दोन लाख रुपये. त्यासाठी घेतलेलं विमान होतं डी हॅविलंडचं पस मॉथ.

उन्हाच्या दृष्टीने पस मॉथ हे फार मजेशीर विमान आहे. त्याचा पहिला नमुना लाकडी होता, विक्रीला आलेल्या विमानाचा सांगाडा मात्र पोलादी नळ्यांचा. वरून कापड. त्या काळी अशा कापडावर 'डोप' नावाचा लेप देत. चंदेरी लेपात अॅल्युमिनियमची पूड असायची. ती दिसायला छान म्हणून नव्हे. उन्हाने कापड कुजू नये आणि ऊन परतून जावं म्हणून. गच्चीवर पांढरा रंग मारायचा, तीच कल्पना.

पंख एकच, आणि तो डोक्यावर. म्हणजे पायलटला छत्री मिळाली. माथ्यावरचं ऊन पंखावर पडणार. जिप्सी मॉथच्या मानाने ही चैनच.

पण पस मॉथची कॉकपिट बंद होती. युरोपात हीच तिची जाहिरात. थंडी नाही, वारा नाही, साध्या कपड्यात बसा, शेजारच्याशी बोला. भारतात त्याचा अर्थ उलटा झाला. काचेतून ऊन आत येतं, आतल्या वस्तू तापतात, आणि त्यांची उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. दुपारच्या उन्हात एक चौरस मीटर काचेवर साधारण एक किलोवॅट उष्णता पडते. म्हणजे खोलीत एक हीटर चालू. शिवाय पायांच्या पुढे, एका पत्र्याच्या पलीकडे, १२० हॉर्सपॉवरचं इंजिन.

ते इंजिनही पाण्याने नव्हे, हवेने थंड होणारं. चार सिलिंडर एकामागे एक. पुढून येणारा वारा पत्र्यांनी वळवून मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचवायचा. त्यात उकळायला पाणी नाही, गळायला रेडिएटर नाही. उष्ण देशासाठी उत्तमच. फक्त अट एक : पुढे जात राहिलं पाहिजे. जमिनीवर उभं राहून इंजिन चालू ठेवलं तर वारा नाही, आणि इंजिन तापत जातं.

पायलटचंही तेच. हवेत असताना खिडकीतून वारा येतो, जमिनीवर थांबलं की भट्टी. त्यामुळे सगळ्या जुन्या वैमानिकांचा शिरस्ता सारखाच दिसतो. जमिनीवरची कामं सावलीत उरकायची, दार शेवटपर्यंत उघडं ठेवायचं, आणि एकदा इंजिन सुरू केलं की वेळ न घालवता उडायचं. इंजिन एअर-कूल्ड आणि माणूसही एअर-कूल्ड. दोघांचा जीव एकाच वाऱ्यावर.

१५ ऑक्टोबर

१५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ उडवलं. याच भागात आर-१०१ साठी बांधलेलं ते रिकामं हँगर होतं. बरोबर टपालाची पोती. मध्ये अहमदाबाद, मग मुंबईत जुहू. पल्ला सुमारे सहाशे मैल, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास.

ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडचा दुसरा उन्हाळा. पाऊस गेलेला, आकाश मोकळं, आणि जमीन पुन्हा तापायला लागलेली. कराची ते अहमदाबाद सरळ रेघ ओढली तर ती सिंधूच्या मुखावरून आणि कच्छच्या रणावरून जाते. रणातलं पांढरं मीठ ऊन खालून वर फेकतं. डोक्यावरच्या पंखाची छत्री तिथे कामाची नाही, कारण ऊन खालूनही येतं.

पहाटे निघणं हा या वेळापत्रकातला खरा एसी. सकाळी हवा शांत असते. नऊ-दहानंतर जमीन तापली की गरम हवेचे बुडबुडे वर सुटतात. घारी पंख न हलवता ज्यावर गिरक्या घेत चढतात, तेच हे. घारीला तो झोका, छोट्या विमानाला तो धक्का. विमान उचललं जातं, सोडलं जातं, पुन्हा उचललं जातं. उकाड्यात हे दोन तास चाललं की पोट ढवळतं. आणि पस मॉथच्या बाबतीत धक्के ही केवळ गैरसोय नव्हती. त्याच वर्षांमध्ये जगात अनेक पस मॉथ हवेतच पंख तुटून पडली होती. तपास चालू होता, आणि पुढे त्याच्या बांधणीत मजबुती आणावी लागली. खवळलेल्या हवेत ते विमान उडवणाऱ्याच्या मनात काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग वर का जाऊ नये? वर हवा गार आणि शांत. पण वर जायला पेट्रोल आणि वेळ लागतो, समोरून वारा असेल तर तो उंचीवर बहुधा वाढतो, आणि विमानात रेडिओ नव्हता. वाट जमिनीकडे बघूनच काढायची. पुन्हा नांगराच्या रेघेचाच तिढा. मी प्रोग्रॅमर असल्यामुळे मला हे ऑप्टिमायझेशनचं कोडं वाटतं. तीन गोष्टी सांभाळायच्या, आणि त्यातल्या दोनच एका वेळी हाती लागणार. फरक एवढाच, की माझं कोडं चुकलं तर सर्व्हर बंद पडतो.

त्या उड्डाणाच्या हकिकतींत उकाडा, समोरचा वारा, धक्के आणि एक पक्षी असे चौघे येतात. पक्षी उडत्या विमानाच्या केबिनमध्ये शिरला आणि त्याला मारावं लागलं, असं सांगितलं जातं. हे वाचताना सगळे पक्ष्याबद्दल हळहळतात. मला त्यातून दिसली ती उघडी खिडकी. ताशी शंभर मैलांच्या वेगात, नकाशे उडायची भीती असताना, माणूस खिडकी उघडी ठेवतो ती कशासाठी?

अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून ओतलं गेलं. डबा उचलायचा, पंखातल्या टाकीपर्यंत न्यायचा, ओतायचा, पुन्हा दुसरा. ऑक्टोबरच्या उन्हात, उघड्या मैदानावर. विमान काही वेळाने उडून वाऱ्यात गेलं. डबे उचलणारे तिथेच राहिले. या इतिहासात वैमानिकांची नावं आहेत, विमानाचं नाव आहे, पेट्रोल कंपनीचंही आहे. त्या माणसांचं नाही. गारवा उंचीवर मिळतो हे भौतिकशास्त्र झालं. उंचीवर कोण जातं, हे वेगळं शास्त्र.

दुपारी दोनच्या सुमारास जेआरडी जुहूच्या मैदानात उतरले. मुंबईचं टपाल उतरवलं गेलं, उरलेलं घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या पस मॉथने बेल्लारीमार्गे मद्रासला निघाला. जुहूला कंपनीची सगळी मालमत्ता म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. तिची गरिबी म्हणून आठवण काढतात. पण कोकणात उन्हाळा काढलेल्या कुणालाही विचारा, पत्र्याखाली बसशील की झावळ्यांखाली? त्या दिवशीच्या सहाशे मैलांत सगळ्यात गार जागा बहुधा तीच असावी.

पुणं, म्हणजे कळसूबाई

पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं. मग सगळा कारभार, विमानं, वैमानिक आणि मेकॅनिकांसह, पुण्याला हलायचा. येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर. तिथली हवा गार, हे झालं माणसांसाठी. विमानासाठी पुण्याचं गणित वेगळं आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

गरम हवा विरळ असते. पंखाला उचलायला कमी हवा, पंख्याला ढकलायला कमी हवा, इंजिनाला जाळायला कमी हवा. म्हणून वैमानिक तापमानावरून हिशेब करतात की आत्ता ही हवा किती उंचीवरच्या हवेसारखी आहे. ढोबळ नियम असा : त्या उंचीला जे प्रमाण तापमान धरलं आहे, त्याच्यावर प्रत्येक अंशाला १२० फूट मिळवा.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे १,८४० फुटांवर. तिथलं प्रमाण तापमान साधारण ११ अंश. एप्रिलच्या दुपारी ४० अंश झाले की फरक २९. गुणिले १२०, अधिक १,८४०. उत्तर येतं ५,३०० फुटांच्या वर. कळसूबाई आहे ५,४०० फूट. म्हणजे उन्हाळ्यात पुण्याच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावरून उडायचा प्रयत्न करत असतं.

नागपूर घ्या. सुमारे १,००० फूट उंची, ४५ अंश. उत्तर ४,८०० फुटांच्या पुढे. महाबळेश्वरपेक्षा वर, चिखलदऱ्यापेक्षा तर खूपच वर. विमानाला हिल स्टेशनची विरळ हवा, आणि पायलटला नागपूरचा उकाडा. दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात. अशा हवेत छोट्या विमानाला जमीन सोडायला नेहमीच्या सुमारे दीडपट धावावं लागतं, आणि वर चढायचा वेगही मंदावतो. म्हणजे गार हवेपर्यंत पोहोचायलाच जास्त वेळ. ज्या दिवशी उंचीची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ती सगळ्यात महाग.

बर्फाची पेटी

मग एवढ्या वर्षांत एसी का बसवला नाही? आजही जगभर ज्याच्यावर पोरं उडायला शिकतात ते सेसना १७२ हे विमान १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या समोरच्या काचेच्या दोन कोपऱ्यांत वारा आत घेणाऱ्या दोन नळ्या असतात. ओढल्या की वारा, ढकलल्या की बंद. पंख डोक्यावर, खिडकी उघडता येते. म्हणजे पस मॉथच्या वेळचीच तीन हत्यारं : सावली, वारा, उंची.

एसीच्या कॉम्प्रेसरला ताकद लागते, ती इंजिनातूनच घ्यायची, आणि गरम दिवशी इंजिनाकडे ती आधीच कमी. शिवाय वजन. चार माणसांच्या विमानात एसी म्हणजे एका माणसाचं सामान घरी ठेवणं. काही नव्या महागड्या विमानांत तो मिळतो. ट्रेनिंगच्या विमानांत सहसा नाही.

म्हणून जुगाड चालतो. त्यातला एक म्हणजे बर्फाची पेटी. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, त्यावरून हवा फुंकणारा छोटा पंखा. मी हिशेब केला. १० किलो बर्फ वितळताना सुमारे ३,३४० किलोज्यूल उष्णता घेतो. तासाभरात वितळला तर नऊशेहून थोडे अधिक वॅट. म्हणजे दहा किलो बर्फ, एका तासात, जेमतेम एक चौरस मीटर काचेतल्या उन्हाला उत्तर देतो. कूलरसारखं पाणी उडवून थंड करायची कल्पनाही आहे. विदर्भातल्या वाळ्याच्या ताट्यांचं शास्त्र ते. पण कोरड्या हवेत जे नागपुरात चालतं ते दमट जुहूत चालत नाही, आणि विमान सकाळी एकीकडे तर दुपारी दुसरीकडे असतं.

फिरून सगळं तिथेच येतं. पहाटे निघा. दहाच्या आत उतरा. जमिनीवर सावलीत राहा. पाणी प्या, टॉयलेटचं नंतर बघू. १९३२ च्या वेळापत्रकात हे सगळं होतं, आणि ते कुणाच्या हुशारीने नव्हे तर दुसरा मार्गच नसल्यामुळे. पहिल्या वर्षात टाटांच्या त्या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केलं आणि टपालाच्या पोत्यांबरोबर १५५ प्रवासीही नेले. ते प्रवासीही खिडकी उघडूनच बसले असणार.

आपल्या हाताशी आता हवामानाचं अॅप आहे, जीपीएस आहे, रेडिओ आहे. नांगराच्या रेघेसाठी कुणाला खाली राहावं लागत नाही. तरी माझा मित्र अडीच वाजता उकाड्यात होता. कारण सकाळी विमान मोकळं नव्हतं, तास पूर्ण करायचे होते, फी भरलेली होती, आणि महिना संपत आला होता. जेआरडींच्या वेळापत्रकात सूर्य होता. याच्या वेळापत्रकात हप्ता होता. आणि सूर्य काही १९३२ पेक्षा सौम्य झालेला नाही. विदर्भातल्या शाळांच्या वेळा उन्हामुळे बदलतात, मजुरांना दुपारची सुट्टी द्या असं सरकार सांगतं. विमानाच्या एवढ्याशा काचेच्या खोलीत बसलेल्या बावीस-पंचवीस वर्षांच्या पोरांनाही हेच लागू व्हायला हवं, एवढं साधं गणित आहे.

१५ ऑक्टोबर १९८२. पन्नास वर्षं पूर्ण झाली म्हणून जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं. कराची, अहमदाबाद, मुंबई, एकट्याने. वय अठ्ठ्याहत्तर. विमान लेपर्ड मॉथ, म्हणजे पस मॉथचंच धाकटं भावंडं. त्यांनीच सुरू केलेल्या कंपनीची थंडगार जंबो जेट विमानं तेव्हा जगभर उडत होती. यांनी निवडली ती जुनी काचेची खोली, तोच महिना, तेच कच्छचं रण. वर्तमानपत्रांनी त्यांच्या धाडसाबद्दल लिहिलं. मला कुतूहल आहे ते एवढंच, की या वेळी त्यांनी खिडकी किती उघडी ठेवली होती.

मित्राला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी आता दोन लिटर पाणी घेऊन चढतो. आणि दुपारचा स्लॉट दिला तर नाही म्हणतो."

"आणि टॉयलेट?"

"अहमदाबादला उतरायचं," तो म्हणाला.